फरशीवरचं औषध

कडुबा सकाळी उठले की आधी फवाऱ्याची बाटली हातात घ्यायचे, चहा त्यानंतर. सुरुवात दाराच्या कडीपासून व्हायची. कडी, बटणांची पाटी, जिन्याचा कठडा, फ्रिजची मूठ, ओटा आणि शेवटी फरशी. प्रत्येक ठिकाणी फवारा मारायचा, जुन्या बनियनच्या फडक्यानं पसरवायचा आणि वाळू द्यायचा. वरून साध्या पाण्यानं पुसायचा प्रश्नच नव्हता. हडको वसाहतीतल्या त्या गल्लीत नळ कधी येईल याची वाट बघण्यातच लोकांचे दिवस जात. आलेलं पाणी टाकीत, पिंपात, हंड्यांत भरून ठेवायचं, ते फरशीवर कोण ओतणार? त्यामुळे सकाळचा थर संध्याकाळच्या थराखाली जायचा, आणि उन्हं खिडकीतून तिरपी आली की फरशीवर तेलकट चमक दिसायची.

त्या पाण्यासारख्या जंतुनाशक द्रवाला कडुबा 'औषध' म्हणत. सोयगावकडच्या शेतकरी घरातले ते. कपाशीवर मारतात तेही औषध आणि हेही औषधच. नोकरी सगळी वीज मंडळात गेली, खांबावर चढण्यात. निवृत्त झाल्यावर शहरातच राहिले. करोनाच्या दुसऱ्या लाटेत बायको सत्यभामा दवाखान्यात गेली ती परत आली नाही. कडुबांना आत सोडलं नव्हतं. नंतर माणसं येऊन घरात फवारणी करून गेली, आणि त्यांतला एकजण जाताना म्हणाला, "आता घर साफ झालं, बाबा. असंच ठेवा." एवढंच वाक्य. कडुबांनी ते धरून ठेवलं. साथ ओसरली, लोकांचे मास्क सुटले, गल्लीत लग्नं लागली. कडुबांची बाटली सुटली नाही. ते कुणाकडे जेवायला जात नसत, बसमध्ये चढत नसत, भाऊ धोंडिबा सोयगावहून बोलावून थकला. बोटांची कातडी औषधानं सोलवटली होती, तिच्यावर ते रात्री खोबरेल चोळत.

मुलगा राजकुमार वाळूजच्या एका कारखान्यात पाळ्या करायचा. त्यानं वडिलांना कधी टोकलं नाही. सून रूपालीनंही नाही, खरं तर तिला टोकण्याचा जास्त अधिकार होता. ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची, आणि गेली काही वर्षं तिचं संशोधन नेमकं याच विषयावर चाललं होतं: माणसं ज्या बंद जागांत राहतात, तिथल्या फरशांवर, मुठींवर, टेबलांवर कोणते जिवाणू टिकतात आणि का टिकतात.

त्या कामासाठी ती शहरभर आणि आसपास फिरली होती. बसस्थानकाची प्रतीक्षागृहं, वाळूजमधलं एक कँटीन, मुलींचं वसतिगृह, वेरूळमधलं एक छोटं लॉज. ओल्या कापसाच्या काडीनं पृष्ठभाग पुसायचा, काडी नळीत बंद करायची, बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेत आणायची. या सगळ्यांच्या तुलनेला एक अशी जागा हवी होती, जिथं रोज काय वापरतात हे पक्कं ठाऊक आहे. अशी जागा शोधायला तिला लांब जायची गरज नव्हती. सासऱ्यांना सांगून तिनं घरातल्या फरशीचे, कठड्याचे, ओट्याचे नमुने घेतले. कडुबांनी ते कुतूहलानं पाहिलं आणि ती गेल्यावर त्या जागा पुन्हा पुसून घेतल्या. तिची अटकळ अशी होती की या घरात जवळपास काहीच सापडणार नाही. तक्त्याच्या तळाशी एक मोकळी ओळ, बस.

डीएनए वाचून आला तेव्हा ती ओळ मोकळी नव्हती. घरात प्रकार मोजकेच होते, पण जे होते ते भरपूर होते. एक साधा, मातीत नि पाण्यात आढळणारा जिवाणू फरशीवर अगदी ठाण मांडून बसला होता. त्याच्या डीएनएमध्ये एक विषाणू दडलेला होता.

जिवाणूंचेही विषाणू असतात. त्यांतले बरेचसे जिवाणूत शिरतात, स्वतःच्या प्रती काढतात आणि त्याला फोडून बाहेर पडतात. काही मात्र घाई करत नाहीत. आपली जनुकं जिवाणूच्या जनुकांत ओवून टाकतात आणि गप्प राहतात. तो जगला तर हेही जगले. अशा विषाणूंना आपला धनी जगण्यात स्वारस्य असतं, आणि कधी कधी ते त्याच्यासाठी एखादं उपयोगी जनुकही सोबत घेऊन येतात. घरातल्या विषाणूनं आणलेलं जनुक रूपालीनं पुन्हा पुन्हा तपासलं. त्यापासून होणारं विकर, म्हणजे एन्झाइम, जंतुनाशकाच्या रेणूची लांब शेपटी तोडण्याच्या कामाचं दिसत होतं. एकदा शेपटी तुटली की उरलेला भाग जिवाणूला मारू शकत नाही. आणि तुटलेली शेपटी ही साधी चरबीसारखी साखळी, ती तर कुठलाही भुकेला जिवाणू पचवतो.

कागदावरचा अंदाज तिला पुरेसा वाटला नाही. तिनं दोन चंबू घेतले. दोन्हींत पाणी, थोडे क्षार, आणि अन्न म्हणून फक्त तेच जंतुनाशक. एका चंबूत घरचा जिवाणू सोडला, दुसऱ्यात वाळूजच्या कँटीनमध्ये मिळालेला त्याच जातीचा, पण विषाणू नसलेला. दुसरा चंबू नितळ राहिला. पहिला काही दिवसांत गढूळला. मग तिनं घरच्या जिवाणूतून विषाणू वेगळा काढला आणि कँटीनच्या जिवाणूंत सोडला. त्यातले पुष्कळ मेले. जे वाचले ते जंतुनाशकावर वाढायला लागले. विषाणूनं त्यांचं जेवणच बदलून टाकलं होतं.

विभागप्रमुख बद्रीनाथ वाघचौरे दोन्ही चंबू खिडकीशी धरून बराच वेळ बघत राहिले. ते फारसं कौतुक करणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी निष्कर्ष मान्य केला आणि लगेच पुढची अडचण सांगितली. हा जिवाणू औषधामुळेच घरात माजला हे कशावरून? घराच्या हवेमुळे, पाण्यामुळे, माणसांमुळे नसेल कशावरून? त्याच घरातली, त्याच माणसांच्या वावरातली, पण औषध न लागलेली जागा हवी. ती मिळाली तर काम छापण्याजोगं होईल.

रूपाली स्कूटरवरून घरी आली तेव्हा तिला आनंद झालेला होता आणि तो कुणाला सांगावा ते कळत नव्हतं. राजकुमार पहिल्या पाळीवरून येऊन आडवा झाला होता. तिनं त्याला सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "म्हणजे आबा जे मारतात, त्यावरच ते पोसले जातात?"

"काही. सगळे नाही. आणि हे आजार करणारे जिवाणू नाहीत."

"ते तू आबांना कसं सांगणार?" तो उठून बसला. "त्यांना त्या बाटलीमुळे झोप लागते, रूपाली. तू त्यांना सांगशील की इतकी वर्षं तुम्ही जंतूंना जेवू घालत होता. मग पुढं काय?"

औषध न लागलेली जागा म्हणून तिनं स्वतःची वरची झोपायची खोली मनात धरली होती. पण न सांगता वरच्या खोलीत पुसू नका म्हणणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाला फसवणं, तेही तिला पटेना. पुढच्या रविवारी कडुबा ओट्यावर फडकं फिरवत असताना तिनं त्यांना बसवलं आणि सांगितलं. त्यांना समजेल असं सांगताना तिला कष्ट पडले नाहीत. कपाशीवरच्या अळीला एकच औषध सारखं मारलं की काय होतं हे ते लहानपणापासून बघत आले होते. नवीन होता तो विषाणू. जंतूच्या पोटात आणखी एक जंतू, आणि तो धन्याला नवीन पचनशक्ती देतो, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

"म्हंजी आतला जो हाय, त्यानं बाहेरच्याला खायला शिकवलं."

"तसंच, मामा."

"आन् मी वाढत व्हतो."

कडुबांनी फडकं पिळलं, घडी केली, नळाच्या तोटीवर टाकलं. मग विचारलं की तिला काय पाहिजे. तिनं वरच्या खोलीचं सांगितलं. कडुबांनी मान हलवली. ती खोली तुमची, तिथं मी येत नाय, असं म्हणाले. त्या दिवशी संध्याकाळी बाटली घेऊन ते जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत गेले आणि तिथून परत फिरले. रूपालीनं ते स्वयंपाकघरातून पाहिलं.

काही आठवडे गेले. तिनं वरच्या खोलीतले नमुने घेतले आणि सोबत औषधाचा अंश किती उरलाय तेही तपासलं. अंश उतरायला हवा होता. तो खालच्या फरशीइतकाच होता, खिडकीच्या चौकटीवर तर अगदी ताजा. रूपाली आणि राजकुमार दोघंही कामावर गेले, नात संस्कृती शाळेत गेली, की घर रिकामं असायचं. काय झालं असेल हे समजायला विशेष बुद्धी लागत नव्हती.

राग यायला हवा होता, आणि थोडा आलाही. नमुने वाया गेले, प्रयोगशाळेचा वेळ गेला. पण संध्याकाळी तिनं विचारलं तेव्हा कडुबांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"मारत व्हतो," ते म्हणाले. "पोरगी झोपती तिथं. तू सांगितलं ते समदं डोक्यात हाय. पर हात ऱ्हात नाय. तू माझ्या भरवशावर काम नको करू."

रूपालीनं वाघचौरेंना फोन करून सांगितलं की घरात औषध न लागलेली जागा मिळत नाही, दुसरं घर बघावं लागेल. वाघचौरे म्हणाले, बघा. असं घर कुठून आणायचं हे त्यांनी सांगितलं नाही. राजकुमारच्या मनात आलं ते त्यानं बोलून दाखवलं, की घराची प्रयोगशाळा करायला नको होती. दोघांत दोन दिवस जेवढ्यास तेवढं बोलणं राहिलं.

त्या आठवड्यात कधीतरी, दुपारी, रूपाली पेपर तपासत बसली असताना कडुबा दारात येऊन उभे राहिले. तिला वाटलं चहा हवा असेल. त्यांनी तिला मागच्या खोलीत बोलावलं. तिथं ते झोपायचे. कपाटाच्या आडोशाला, भिंतीला लागून सत्यभामाची शिलाई मशीन होती, उरलेल्या कापडांच्या, तिनंच शिवलेल्या गलेफाखाली. गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज ती शिवायची. रूपाली रोज त्या खोलीत यायची, पण ते ठिगळ्याठिगळ्यांचं कापड सामानासारखं नजरेआड गेलं होतं.

"इथं मारलेलं नाय," कडुबा म्हणाले.

तिला आधी खरं वाटेना. तिनं विचारलं, नक्की? गलेफावरून तरी फडकं फिरवलं असेल.

"नाय. ती माणसं फवारायला आली, तवाबी मी ह्याच्यापुढं उभा राह्यलो व्हतो. म्हणलं हिकडं नका मारू, मशीन गंजंल." त्यांनी गलेफाची कडा चिमटीत धरली. "गंजत नाय, मला ठावं हाय. तिचा हात शेवटचा ह्याच्यावर लागला. पुसावं वाटलं नाय."

एवढं बोलून त्यांनी गलेफ उचलला. खाली बारीक धूळ होती, सुताचे तुकडे होते, सुईखाली अडकलेला कपड्याचा एक कोपरा होता, हिरवा. लाकडी फळीवर कोपरं टेकून टेकून दोन जागी रंग उडाला होता.

रूपाली लगेच डबा आणायला गेली नाही. तिनं त्यांना खुर्चीवर बसवलं आणि नमुना घेणं म्हणजे काय ते नीट सांगितलं. काडी फिरवली की तिथलं जे आहे ते काडीवर येणार. मागं राहणार नाही. परत ठेवता येणार नाही.

"अर्धीच फळी घे," ते म्हणाले. "उजवीकडची. चाकाला नको लावू."

"बरं."

"आन् एक सांग. तुझ्या त्या यंत्रात कळंल का, तिचं काय हाय त्याच्यात?"

हो म्हणणं सोपं होतं. राजकुमार असता तर त्यानं हो म्हटलं असतं. रूपाली म्हणाली, "नाही कळणार, मामा. माणसाच्या कातडीवरचे जिवाणू सापडतील. पण ते आत्याबाईंचे की तुमचे की माझे, हे मी सांगू शकणार नाही. एका घरात राहिलो की आपले सगळ्यांचे एकमेकांत मिसळतात. इतक्या वर्षांत त्यांतले बरेचसे मेलेही असतील. मला फक्त खुणा सापडतील."

कडुबांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा पडला असं काही रूपालीला दिसलं नाही. ते म्हणाले, "मिसळतात म्हणली ना. मंग झालं." आणि तिनं हातमोजे घालून काडी ओली करेपर्यंत ते तिथंच बसून राहिले. काम झाल्यावर त्यांनी स्वतः गलेफ टाकला आणि त्याची कडा सारखी केली.

फळीवर औषधाचा अंश सापडला नाही. जिवाणूंचे प्रकार फरशीच्या कितीतरी पट निघाले, संख्येनं थोडे, बहुतेक सुस्तावलेले किंवा मेलेले. कातडीवरचे, धुळीतले, कापडातले. त्यांच्यातही विषाणू होते. कोरड्या जागी तग धरायला, अन्न पुरवून खायला मदत करणारी जनुकं काहींजवळ होती. फरशीवरचा तो जिवाणूही एका कोपऱ्यात अगदी तुरळक होता. त्याच्यात तो विषाणू नव्हता. त्याच घरात, काही हातांच्या अंतरावर, दोन वेगळी राज्यं नांदत होती, आणि त्यांना वेगळं करणारी गोष्ट फडक्यावरचं औषध होती. वाघचौरेंनी आकडे पाहिले आणि प्रथमच पूर्ण वाक्यात 'चांगलं झालं' म्हणाले. एका फळीवर सगळा भार टाकता येणार नाही, अशी नोंद मात्र तिला लेखात घालायला लावली. ती तिनं आधीच घातली होती.

लेख छापून आला. त्यात घराचं वर्णन एवढंच होतं, की पृष्ठभागांवर रोज जंतुनाशक मारलं जाई आणि ते धुतलं जात नसे. कडुबांनी विचारलं, माझं नाव हाय का त्यात. नावं देत नसतात असं रूपालीनं सांगितल्यावर त्यांना बरं वाटलं.

मधल्या काळात एक सकाळ अशी आली की कडुबांनी बाटली उचलली, हातात धरून उभे राहिले आणि रूपालीला विचारलं, "मंग आता कसं पुसू?" पुसायचं नाही असा सल्ला त्यांना दिला असता तर तो त्यांनी पाळला नसता, हे तिला वरच्या खोलीनं शिकवलं होतं. तिनं साबणाचं पाणी सांगितलं, मागून स्वच्छ पाण्याचं फडकं, आणि औषध घरात कुणी आजारी असेल तेव्हाच. मारलं तर नंतर धुवायचं. पाण्याचं काय, हा प्रश्न त्यांनीच काढला आणि त्यांनीच सोडवला. नळ येईल त्या दिवशी धुवायचं, एरवी झाडायचं. धुणं धुतलेलं शेवटचं पाणी ते बादलीत राखून ठेवायला लागले. पहिले काही आठवडे वाईट गेले. झोप लागायची नाही, दाराची कडी ते कोपरानं उघडायचे. दोनदा रूपालीला घरात तोच ओळखीचा उग्र वास आला आणि तिनं खिडक्या उघडल्या, विचारलं नाही. राजकुमार पाळीवरून आला की वडिलांजवळ बसायला लागला. मोबाइलवर क्रिकेट लावून मोबाइल दोघांच्या मध्ये धरायचा.

हिवाळ्यात तिनं फरशीचे नमुने पुन्हा घेतले. औषधाची चमक गेली होती. तो जिवाणू अजून होता, पण आता त्याचा जोर नव्हता. इतर जाती परतल्या होत्या. विषाणू असलेल्यांचं प्रमाण तर फारच घटलं होतं. जादा जनुकाचं ओझं वाहायचं आणि त्याचा उपयोग काहीच नाही, अशा जिवाणूला इतर मागं टाकतात. तिनं हे जेवताना सांगितलं.

"उपाशी मेले," कडुबा म्हणाले.

"मेले असं नाही. कमी झाले. पुन्हा औषध मिळालं तर पुन्हा वाढतील."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि मान डोलावली. संस्कृतीनं विचारलं की आपल्या घरात आता किती जंतू आहेत. रूपाली म्हणाली, पूर्वीपेक्षा जास्त प्रकारचे. मुलीला ते आवडलं नाही. कडुबा तिला म्हणाले, "असू दे. गावासारखं हाय ते. समदे असले म्हंजी एकट्याची दादागिरी चालत नाय."

उन्हाळ्याच्या तोंडाशी धोंडिबाच्या नातवाचं लग्न निघालं. पत्रिका द्यायला धोंडिबा स्वतः आला आणि या खेपेला त्यानं आग्रह केला नाही, नुसती पत्रिका ठेवली. जाताना कडुबाच म्हणाले, मी येतो. बसनं गेले. राजकुमार गाडी करून देत होता, ते नको म्हणाले. पिशवीत त्यांनी साबणाची वडी घेतली, बाटली घेतली नाही. की घेतली आणि कपड्यांखाली ठेवली, हे रूपालीला नक्की माहीत नव्हतं आणि तिनं पिशवी उघडून पाहिली नाही.

लग्न होऊन गेलं तरी ते परतले नाहीत. रूपालीनं फोन केला तेव्हा मागं भांड्यांचा आणि माणसांचा गलका होता. धोंडिबाची विहीर अजून आटली नाही, असं त्यांनी सांगितलं. आंघोळीला पाणी लई हाय. रोज एकेकाच्या घरी चहा होतोय, जुनी माणसं भेटतायत, आणखी चार दिवस राहीन म्हणतो. मग त्यांनी आवाज जरासा खाली आणला आणि विचारलं की या गावातल्या घरांच्या फरशीवर काय निघंल, तिला बघायचं असेल तर ते विचारून ठेवतील लोकांना.

"इथं बहुतेक घरात शेणानं सारवलेलं हाय," ते म्हणाले. "चालंल ना?"

चालेल, ती म्हणाली. डबा घेऊन येते.